चौदा सर्व्हरच्या किल्ल्या

जुलै 2024 मधला एक गुरुवार. रात्री पावणेनऊला सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, बॅग गेली. गडहिंग्लजहून येताना एस.टी.त वरच्या रॅकवर ठेवली होती. कागलला जाग आली तेव्हा नव्हती."

बॅगेत लॅपटॉप होता. मी एवढंच विचारलं, "पासवर्ड सेव्ह होते का?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सगळेच. त्यांच्यावर कुलूप घालणारा मास्टर पासवर्ड ठेवला नव्हता."

मी त्याला एका शब्दानं बोलले नाही, कारण ते टर्मिनलचं साधन तीन वर्षांपूर्वी मीच त्याच्या लॅपटॉपवर टाकून दिलं होतं. डाव्या बाजूला सर्व्हरांची यादी, नावावर डबल क्लिक केलं की थेट आत. शिकवायला सोपं, म्हणून मला ते आवडलं होतं.

आम्ही कोल्हापुरात पाच जण मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मोजलं जातं आणि तो आकडा आमच्या सर्व्हरवर येतो. दर दहा दिवसांनी त्यावर बिल निघतं. भाड्याचे बारा सर्व्हर आणि ऑफिसातले दोन, असे चौदा. कोणी आत शिरून त्या आकड्यांना हात लावला तर नुकसान थेट गोठ्यापर्यंत पोचतं, ही गोष्ट माझ्या मनातून कधी जात नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं आहे आणि आमच्या घरात आजही दुधाच्या बिलावर किराणा भरला जातो.

त्या रात्री मी आणि आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ऑफिसात बसलो. चौदा सर्व्हरचे पासवर्ड बदलायला पावणेदोन तास लागले. खरं अडलं ते किल्ल्यांपाशी. दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या एसएसएचनं आत शिरायचे मुख्य मार्ग दोन: पासवर्ड किंवा किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली आपल्या लॅपटॉपवर राहते आणि तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरवर 'ऑथोराइज्ड कीज' नावाच्या फाइलीत बसते. एका ओळीत एक किल्ली. ओळीच्या शेवटी टीप लिहायला जागा असते, किल्ली कोणाची ते कळावं म्हणून. मुख्य सर्व्हरवरची फाइल उघडली तर तेवीस ओळी. सात ओळींच्या शेवटी 'रूट ॲट लोकलहोस्ट', चार ओळींच्या शेवटी काहीच नाही, एकीवर 'न्यू की', तिच्याखाली 'न्यू की टू'. तेवीसपैकी नऊ किल्ल्या कोणाच्या हे मला खात्रीनं सांगता आलं.

उरलेल्या चौदांचं काय करायचं? काढल्या तर पहाटे संकलन सुरू होताना एखादा बॅकअप किंवा संस्थांचा डेटा ओढणारा प्रोग्राम बंद पडणार. ठेवल्या तर त्यांतली एक त्या हरवलेल्या लॅपटॉपची असू शकते. दादा म्हणाले, "काढ. सकाळी जे बंद पडेल ते मी फोनवर बसून सांभाळतो." मी काढल्या. सकाळी सहा वीसला दोन संस्थांचा डेटा यायचा थांबला आणि साडेसातपर्यंत नवी किल्ली घालून तो सुरू झाला. त्या सत्तर मिनिटांत दोन्ही सचिवांनी हातानं वहीत लिहून घेतलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

मग लॉग बघायला घेतले. कोण कधी आत आलं याची नोंद सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली ठेवते, पण आमच्या सर्व्हरवर चार आठवड्यांपूर्वीचं काहीच नव्हतं. आम्ही वापरतो त्या उबुंटू लिनक्सची ठरलेली सवयच तशी आहे, फाइल दर आठवड्याला फिरते आणि चार जुन्या ठेवल्या जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायलाही सांगितलंय. हे मी पूर्वी वाचलं होतं, अमलात आणलं नव्हतं. चार आठवड्यांत तरी बाहेरचं कोणी आलेलं दिसलं नाही. त्याआधीचं सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा म्हणाले, "आठ दिवस घे आणि काय वापरायचं ते तू ठरव. मला एकच सांग. उद्या पुन्हा बॅग गेली, तर किती वेळात आपण मोकळे?"

पुढचे आठ दिवस मी प्रत्येक साधनाला हाच प्रश्न विचारला. दिसायला कसं आहे, टॅब किती उघडतात, रंग कोणते, हे सगळं मी मागे टाकलं. किल्ली कुठे राहते, हरवली तर काय हरवतं आणि परत सावरायला किती वेळ लागतो, एवढंच पाहायचं ठरवलं.

सुरुवात पुट्टीपासून केली. विंडोजवर सर्व्हर सांभाळायला शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच झालीय. सायमन टॅथम यांनी 1999 मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आणलं आणि आजही ते फुकट आणि खुलं आहे. त्यातली एक गोष्ट मला या प्रसंगानंतर नव्यानं पटली: पुट्टी सेशनबरोबर, म्हणजे सर्व्हरच्या साठवलेल्या नोंदीबरोबर, पासवर्ड ठेवतच नाही. ही उणीव आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. आमच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर त्या दिवशी पुट्टी असतं तर चोराला सर्व्हरांची नावं मिळाली असती, पासवर्ड मिळाले नसते.

पण पुट्टी उतरवून घेताना मी थबकले. नाव शोधलं की वर जाहिराती येतात आणि त्या साधनाच्याच नावाची, पण ते बनवणाऱ्यांची नसलेली साइटही पुढे येते. विष मिसळलेल्या पुट्टीच्या प्रती पूर्वी पसरलेल्या आहेत, त्या टाइप केलेला पासवर्ड परस्पर बाहेर पाठवायच्या. मूळ पत्ता टॅथम यांच्या स्वतःच्या पानाचा आहे, ग्रीनएंड नावाच्या डोमेनवर. मी तिथून फाइल घेतली आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारी खूण, तिथल्याच यादीशी ताडून पाहिला. आमच्या ऑफिसात हे त्याआधी कोणीही केलेलं नव्हतं.

मूळ जागेवरून घेतलं म्हणजे चिंता मिटली, असंही नसतं. ऑगस्ट 2017 मध्ये कॅस्परस्कीनं उघडकीला आणलं की नेटसारंग या कंपनीच्या एक्सशेल आणि इतर साधनांच्या अधिकृत, सही केलेल्या आवृत्तीतच कोणीतरी मागचं दार बसवलं होतं. त्या प्रकाराला शॅडोपॅड म्हणतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचंच साधन पोखरलं की एकाच फटक्यात हजारो सर्व्हरांचे दरवाजे हाती येतात, म्हणून हल्लेखोर तिथे येतात. पुट्टीतही एप्रिल 2024 मध्ये मोठी चूक सापडली. 0.68 ते 0.80 या आवृत्त्यांमध्ये पी-521 जातीची किल्ली वापरली असेल, तर सह्या करताना जी संख्या दरवेळी पूर्ण यादृच्छिक असायला हवी तिचे पहिले 9 बिट कायम शून्य निघायचे. साधारण 60 सह्या गोळा झाल्या की त्यांवरून खासगी किल्लीच काढता येते. 0.81 मध्ये चूक दुरुस्त झाली, पण जुनी किल्ली उघडी पडली ती पडलीच, ती बदलावीच लागते. मी आमच्या पाचही जणांच्या किल्ल्यांची जात तपासली. पी-521 कोणाचीच नव्हती, आणि मला हायसं वाटलं.

मग मोबाएक्सटर्म. एका खिडकीत सगळं, बाजूला फाइलींचं झाड, ओढून टाकलं की फाइल सर्व्हरवर. आमच्या मुलांना ते फार आवडलं. फुकटच्या आवृत्तीत बारा सेशनच साठवता येतात आणि आमचे सर्व्हर चौदा, पण पैशांचा प्रश्न दादांनी कधीच आड येऊ दिला नसता. मला खटकलं ते वेगळं होतं: पासवर्ड साठवायची सोय हाताशी असली की कोणी ना कोणी ती वापरतोच. मास्टर पासवर्ड ठेवता येतो, हे खरं. आमच्या हरवलेल्या लॅपटॉपवरच्या साधनातही तो ठेवता येत होता.

सगळे सेशन आणि किल्ल्या क्लाउडमध्ये ठेवून फोनवरही दाखवणारी साधनं मी दोन दिवस वापरली. सोय खरोखर मोठी आहे. पण एखाद्या संस्थेच्या सचिवानं विचारलं, "मॅडम, आमच्या डेटाच्या किल्ल्या कुठे असतात?" तर मला बोट दाखवून सांगता यायला हवं. "एका कंपनीच्या सर्व्हरवर, पण कुलूपबंद" हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. हा माझा निर्णय. दुसऱ्या कोणाला ते चालत असेल तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

या शोधात मला एसएसएचचा जन्म नव्यानं समजला. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याआधी दूरच्या यंत्रात शिरायला टेलनेट असायचं, त्यावर पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जायचा. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या दाराचा क्रमांक, 21, टेलनेटचा 23, मधला 22 मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. 1999 मध्ये ओपनबीएसडी ही खुली संगणक प्रणाली बनवणाऱ्यांनी ओपनएसएसएच हे एसएसएचचं खुलं रूप बाहेर आणलं, आणि आज आमच्या चौदाही सर्व्हरवर तेच उत्तर देतं.

तेच ओपनएसएसएच 2018 पासून विंडोज 10 मध्येही येतं, हे मला माहीत होतं, पण मी ते गंभीरपणे घेतलं नव्हतं. काळी खिडकी, टाइप करा आणि जा. पाचव्या दिवशी मी ते विंडोज टर्मिनलमध्ये उघडलं आणि साध्या कॉन्फिग फाइलीत चौदा सर्व्हरांची टोपणनावं लिहिली. 'एसएसएच संकलन-3' एवढं लिहिलं की आत. त्या फाइलीत पासवर्ड लिहायला जागाच नाही. किल्ली कुठे आहे, कोणत्या फाइलीत आहे, तिच्यावर परवलीचा शब्द आहे का, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मला हवं होतं ते हेच. त्याच जुलै 2024 च्या 1 तारखेला ओपनएसएसएचच्या सर्व्हर बाजूत रेग्रेशन नावानं गाजलेली चूक जाहीर झाली होती, तेव्हा हेही निर्दोष नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण दुरुस्ती त्याच दिवशी आली आणि चौदाही सर्व्हरवर मी ती संध्याकाळच्या संकलनाआधी चढवली होती.

आता आमच्या भागातली खरी अडचण. फिरतीवरचा सहकारी गगनबावड्याच्या बाजूला गेला की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि डेटाबेसची दुरुस्ती अर्ध्यावर तुटली की माझा जीव खालीवर होतो. त्यासाठी मॉश नावाचं साधन नावाजलेलं आहे. नेटवर्क बदललं, रेंज गेली, पत्ता बदलला तरी सेशन टिकतं. मी ते डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, बसवलं आणि घाटात ते खरंच टिकलं. पण आम्ही ठरवलं होतं की बाहेरून फक्त एकाच सर्व्हरवर यायचं आणि तिथून पुढे बाकीच्यांवर. एसएसएचच्या प्रॉक्सीजंपमध्ये ही उडी मारताना खासगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, मधल्या सर्व्हरला ती दिसतही नाही. मॉश तशी उडी घेत नाही आणि उघडलेली किल्ली सांभाळणारा एजंटही पुढे नेत नाही. म्हणजे पुढे जायची किल्ली मधल्या सर्व्हरवर ठेवावी लागली असती. तो सर्व्हर फुटला की सगळंच फुटलं. मन घट्ट करून मी मॉश सोडलं. त्याऐवजी लांबलचक काम नेहमी टीमक्समध्ये सुरू करायचं ठरलं. रेंज गेली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं, परत आलं की जिथे सोडलं तिथेच. सहकाऱ्याला दोन आठवडे आठवण करून द्यावी लागली, मग हाताला सवय झाली.

एक तपासणी फक्त आपल्यालाच करावी लागते. काही संस्था बिलाच्या फाइलींची नावं मराठीत ठेवतात. मी 'श्री', 'क्षेत्र', 'द्वितीय' असे शब्द असलेल्या फाइली बनवून प्रत्येक साधनात यादी काढली. कुठे वेलांटी अक्षरापासून सुटली, कुठे जोडाक्षर फुटून हलन्त दिसायला लागलं, कुठे पुढची अख्खी ओळ सरकली. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारखा चौकोन देतं आणि आपली लिपी त्या चौकोनात मावत नाही. आपली भाषा या खिडकीत अजून नीट दिसत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. चुकीची फाइल पुसली जाऊ नये म्हणून सर्व्हरवरच्या फाइलींना आम्ही संस्थेचे कोड आकडे दिले. पडद्यावर आणि बिलावर मात्र नाव मराठीतच छापतो.

शेवटी ठरलं ते असं. सगळ्यांना ओपनएसएसएच. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक यंत्राला वेगळी एड25519 जातीची किल्ली, तिच्यावर परवलीचा शब्द आणि ओळीच्या शेवटच्या टिपेत माणूस, यंत्र आणि तारीख. विंडोजचा किल्ली सांभाळणारा एजंट वापरायचा का, यावर मी दोन दिवस घालवले. तो किल्ली विंडोजच्या खात्यात कायमची ठेवतो, यंत्र बंद करून सुरू केलं तरी परवलीचा शब्द पुन्हा विचारत नाही. ऑफिसातल्या यंत्रांना तो चालवला, फिरतीच्या लॅपटॉपला नाही. फिरतीवरच्या दोघांना यूएसबीची हार्डवेअर किल्ली घेतली. ती खुपसून तिच्यावर बोट टेकवल्याशिवाय सर्व्हर दार उघडत नाही. ती गळ्यातल्या दोरीत असते, बॅगेत नाही. विंडोजबरोबर आलेलं ओपनएसएसएच त्यासाठी जुनं पडलं, नवं बसवावं लागलं.

सगळ्यांत जास्त भीती वाटली ती पासवर्डनं शिरणं बंद करताना. तो दिवस माझ्या लक्षात राहिलाय. दुपारी तीनची वेळ, सकाळचं संकलन संपलेलं, संध्याकाळचं लांब. पहिल्या खिडकीत मी सर्व्हरवर आत होते आणि ती खिडकी शेवटपर्यंत बंद करायची नाही असं धाकट्या सहकाऱ्याला दोनदा सांगितलं. सेटिंग बदललं, 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो'. मग 'एसएसएचडी वजा टी' लिहून फाइलीत चूक नाही ना ते तपासलं. काही न बोलता ओळ रिकामी परत आली, म्हणजे बरोबर. एसएसएचच्या सेवेला नवं सेटिंग वाचायला लावलं. आता दुसरी नवी खिडकी उघडून किल्लीनं आत शिरले. शिरले. तिसऱ्या खिडकीत मुद्दाम किल्लीशिवाय प्रयत्न केला. 'परमिशन डिनाइड, पब्लिक की.' तेव्हा पहिली खिडकी बंद केली. असं चौदा वेळा. संध्याकाळी सहाला संकलन सुरू झालं तेव्हा तेरा झाले होते, चौदावा दुसऱ्या दिवशी.

लॉग 180 दिवस ठेवायची सोय त्याच आठवड्यात झाली. आणि एक जाड वही घेतली. चौदा सर्व्हर, प्रत्येकाला एक पान, त्यावर त्या सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची माळ. पहिल्यांदा जोडताना एसएसएच तो ठसा दाखवून विचारतं, हाच का तो सर्व्हर? आम्ही इतकी वर्षं न वाचता 'येस' लिहायचो. ठसा बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा आला तर जुनी ओळ पुसून पुन्हा 'येस'. मधे कोणी दुसराच सर्व्हर उभा केला असता तरी आम्हाला कळलं नसतं.

महिनाभरानं दादांनी न सांगता तालीम घेतली. धाकट्याचा लॅपटॉप उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि म्हणाले, "गेला. चल." त्याच्या नावाची ओळ चौदा फाइलींतून काढायला आणि तो आत शिरू शकत नाही हे तपासायला अकरा मिनिटं लागली. त्याच वेळी भिंतीवरच्या पडद्यावर संध्याकाळचं दूध येत होतं, एकही संस्था थांबली नाही.

डिसेंबरात एक नवी मुलगी कामाला आली. तिसऱ्या दिवशी पहाटेची पाळी तिची. सहा दहाला माझा फोन वाजला.

"ताई, संकलन-3 ला पहिल्यांदाच जोडतेय. वहीत ठशाची सुरुवात एम, क्यू, सात अशी आहे. स्क्रीनवर जे, टी, छोटा बी येतंय. मी येस लिहिलेलं नाही."

शनिवारी रात्री त्या सर्व्हरची डिस्क गेली म्हणून मी तो नव्यानं उभा केला होता. किल्ली नवी झाली आणि वहीतलं पान बदलायचं माझ्याकडून राहिलं. मी उठले, भाड्याच्या सर्व्हरच्या कन्सोलमधून आत गेले आणि ठसा तिथून काढून एकेक अक्षर फोनवर सांगितलं. तिनं वहीत जुना ठसा एका रेघेनं खोडला, खाली नवा लिहिला, तारीख घातली आणि मला तो पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं जुळल्यावर म्हणाली, "आता लिहू का, ताई?"

"लिही," मी म्हटलं.